मास्क लावल्याशिवाय

शाळेला दुसरे विषय सुचले नसते का? पण आमच्या जुईलीला प्रोजेक्ट मिळाला तो प्राचीन युद्धातल्या विषारी धुराचा. सिरियातल्या एका वेढ्यात इराणी सैन्य तटाखालून भुयार खणत होतं. आतल्या रोमनांनी त्यांना अडवायला समोरून दुसरं खणलं. तेव्हा इराण्यांनी गंधक आणि डांबर पेटवलं असावं, असं म्हणतात. रोमन सैनिकांच्या सांगाड्यांचा ढीगच सापडला त्या भुयारात.

"पण बाबा, व्हाय डिडन्ट दे रन? मागचे तरी?" जुईलीने जेवताना विचारलं.

चंद्रहासचा घास हातातच राहिला. "पुढचा पडला की मागचा त्याला उचलायला जातो," तो म्हणाला. "म्हणून आमच्याकडे नियम आहे. मास्क लावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. कोणीही पडलेलं असो."

मी घाईघाईने विषय बदलला. रिफायनरीत तेलातलं गंधक वेगळं काढतात, तिथे माझा नवरा इंजिनिअर आहे. मागच्या हिवाळ्यात सदानंद, मालवणकडचा फिटर, त्याच्या डोळ्यांदेखत विषारी वायू लागून कोसळला. चंद्रहास नियमाप्रमाणे थांबला, मास्क लावला, मग आत गेला. तोवर सदानंद संपला होता. बरोबर केलंस, असंच सगळे म्हणाले. पण तेव्हापासून हा माणूस झोपेतून दचकून उठतो, वायू सुटला की प्लांटवर बघतात तसं बाल्कनीत जाऊन वारा कुठून येतोय ते बघतो आणि मला एकच ऐकवतो, "शरीरालाच सवय लागते गं, कौमुदी. तिथे माझी आई असती तरी मी थांबलो असतो." त्या वाक्याच्या आधारावर तो उभा होता. मी मान डोलवायची. खोटं कशाला बोलू, कंटाळाही यायचा.

इथे आखातात सुट्टी शुक्रवारी, म्हणून आम्ही तिघंही सबाह अल-सालेमच्या घरीच होतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी चंद्रहासने हौसेने आणलेला गंधकाचा खडा शोकेसमध्ये होता. जुईलीने तो फोडून वाटीत पेटवला. आमच्या बाईसाहेबांना प्रोजेक्टसाठी व्हिडिओ हवा होता. तोही बाथरूममध्ये, दार लावून! आधी खोकला ऐकू आला, मग धप्पकन आवाज. मी किंचाळले.

चंद्रहास धावला. तोंडाला रुमालसुद्धा न लावता दार ढकलून आत घुसला आणि तिला उचलून बाहेर आला. मी धडाधड खिडक्या उघडल्या. पोरगी ओकली, रडली, "सॉरी बाबा" म्हणाली. शेजारच्या डॉक्टर आफियांनी तपासून धोका नसल्याचं सांगितलं, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

चंद्रहास भिंतीला टेकून खाली बसला होता. डोळे लालभडक.

"अरे, वाचली ती," मी म्हटलं.

"मी थांबलो नाही," तो म्हणाला. "कौमुदी, मी क्षणभरही थांबलो नाही."

"बरं झालं ना मग!"

"सदानंदच्या वेळी थांबता आलं मला."

मी त्याला जवळ घेतलं. तो थांबला नाही याचा मला आनंदच झाला होता. आणि सदानंदच्या बायकोला, वासंतीला, दर शुक्रवारी करतो तो फोन आता कुठल्या तोंडाने करायचा, हे आम्हा दोघांनाही कळेना.