नाव घेतलं की सोडायचं

दोष काशीनाथचा. अण्णांचाही आहे, पण अण्णांकडून दुसरं काही होईल अशी आशा धरणारा मूर्खच म्हणायचा. काशीनाथला मात्र सगळं येत होतं, सगळं कळत होतं, आणि तरी तो नुसता उभा राहिला. मी दोर बोलतोय. अंबाडीचा, सोळा हात लांब होतो. आता दोन तुकडे आहेत. बोलायला एक पुरे.

तलासरीकडच्या भिका नावाच्या वारली माणसाने मला मांडीवर वळलं. छप्पन साल होतं. मसोलीच्या अण्णांनी मला त्याच्याकडून घेतलं. घेताना त्याला ओट्याखाली उभं केलं आणि दोर ओट्यावर फेकायला सांगितला. म्हणजे त्याने वळलेला दोर चालतो, त्याचे पाय चालत नाहीत. अशा माणसाला गाव मान देत होतं. का, ते मला अजून कळलेलं नाही.

माझं शिक्षण अण्णांच्या चिकूवाडीत सुरू झालं. इयत्ता एकच, करंडी. भरलेली करंडी आवळायची आणि वर अण्णांची गाठ मारायची. ती गाठ हिसक्यासरशी आणखी घट्ट होते. मुंबईला पोचल्यावर कोयत्यानेच कापावी लागते. "सुटते ती गाठच नव्हे," असं ते गड्यांना रोज ऐकवायचे. अख्ख्या आयुष्यात माणसाला एकच गाठ येते आणि त्याची एवढी मिजास! एका हंगामात मी ती शाळा सोडली. खरं म्हणजे काशीनाथने मला गुपचूप उचललं.

काशीनाथ हा अण्णांचा एकुलता मुलगा, डहाणू रोड स्टेशनात पार्सल क्लार्क. एकतीस वर्षांचा बाप्या, पण अण्णा नुसते खाकरले तरी हा उठून उभा राहायचा. त्याची बायको जयमाला सत्तावीस वर्षांची, शाळेत मास्तरीण. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि घरात त्याखेरीज दुसरा विषय नव्हता.

काशीनाथचा एक इराणी दोस्त बोटीवर नोकरीला होता. त्याने जपानहून एक मासिक आणून दिलं. आत चित्रं होती, दोराने बांधलेल्या बायकांची. कैदी नव्हेत. बांधणारा सावकाश बांधतोय, आणि बांधलेली डोळे मिटून शांत बसलीय. तिकडे लोक हे गुरूकडे बसून शिकतात म्हणे. काशीनाथने ते मासिक तीन आठवडे पार्सलच्या पावत्यांखाली दडवलं आणि मग घाम पुसत बायकोपुढे ठेवलं. तुम्हाला वाटेल त्याने तिला फूस लावली. नाही. तो तर माफी मागायच्या तयारीत होता. जयमालेने सगळी पानं बघितली आणि दोन्ही मनगटं पुढे केली.

"येतं का तुम्हाला?"

"करंडी बांधता येते."

"मी करंडी दिसते का?"

रविवारी दुपारी अण्णा घोरायला लागले की दोघं वाडीतल्या चिकू पिकवायच्या खोलीत यायची. पहिल्या दिवशी त्याने सवयीने बापाचीच गाठ मारली. सोडवता सोडवेना. शेवटी दात लावले. जयमाला हसून हसून रडली. "अहो, मला काय मुंबईला धाडताय? वर पत्ता तरी लिहा!"

पुढचे तीन रविवार चित्रात बघून काहीच जमलं नाही. मग मास्तरणीच्याच लक्षात आलं. "हे पुस्तक उजवीकडून सुरू होतं. शेवट आपण पहिला धरलाय." म्हणजे ही दोघं आधी सोडायला शिकली, बांधायला नंतर. त्या घरात चार पिढ्यांत कुणी शिकलं नसेल असं काहीतरी ती चुकून शिकली.

मी खरखरीत होतो. जयमालेने मला आंघोळीच्या बंबात उकळलं, वर उठलेली कुसं दिव्यावर जाळली, खोबरेल चोळलं. सासूने, यमुनाबाईंनी, बंबात डोकावून पाहिलं. "काय गं, दोर शिजवतेस? आमटी करायचीय?"

"पाळण्याला लागेल म्हणून मऊ करतेय," जयमाला म्हणाली.

झालं. म्हातारीने दुपारपर्यंत अख्ख्या मसोलीला पाळणा दाखवला.

शिकणं मात्र चालू राहिलं. दोर आणि कातडी यांत दोन बोटं गेलीच पाहिजेत. हात गार पडला की थांबायचं. काशीनाथ घाई करायचा, ती टोकायची. बांधून झालं की तो शेजारी बसायचा, ती भिंतीला टेकून डोळे मिटायची. एकदा म्हणाली, "सकाळपासून प्रत्येकाचं काहीतरी करत असते मी. इथे हातच बांधलेले. कुणी काही मागू शकत नाही." एवढं मोकळं बोलणं त्या घरात मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

नियम तिने केला. "मी तुमचं नाव घेतलं की सोडायचं. विचारत बसायचं नाही." नवऱ्याला ती 'अहो' म्हणायची, सगळ्याच म्हणतात. नाव चुकूनही तोंडातून जायचं नाही, म्हणून तेच निवडलं. दोन वर्षांत तिने ते पाच वेळा घेतलं. पाचही वेळा काशीनाथने मला तिथल्या तिथे सोडलं. तेवढ्यापुरता मला तो माणूस आवडायचा.

एकोणसाठ सालच्या चैत्रात यमुनाबाईंना चहाचा कप देताना जयमालेच्या बांगड्या मागे सरकल्या. मनगटांवर माझे वळ होते, आदल्या दुपारचे.

"हे कसले गं वळ?"

जयमालेने बांगड्या पुढे ओढल्या. अण्णांनी मुलाकडे पाहिलं. काशीनाथला म्हणता आलं असतं, आमचं आम्ही बघू. नवरा-बायकोचा मामला म्हटल्यावर म्हातारीनेच विषय टाकला असता. पण हा शूर वीर म्हणाला, "ती झोपेत उठून चालते. बडबडते. म्हणून हात बांधतो."

पाळणा का हलत नाही याचंही उत्तर म्हाताऱ्यांना लगेच मिळालं. बाहेरची बाधा! रविवारी सकाळी तलासरीचा काळ्या भगत, तोही वारलीच, बोलावला गेला. तो सुपात तांदूळ टाकून बाधा ओळखायला बसला की अंगातलं उसळतं, म्हणून आधी बांधायचं, असा अण्णांचा शोध. ते मुलाला म्हणाले, "ज्याने बांधतोस तो दोर आण." आणि याने मला आणून दिलं. स्वतःच्या हाताने, घडी घालून.

अण्णांनी तिचे हात पडवीच्या खांबामागे ओढले आणि करंडीची गाठ मारली. मी तेल मुरलेला, मऊ, लगेच रुतलो. मला थांबता आलं असतं तर थांबलो असतो. जयमालेने झटापट केली नाही. ही गाठ हिसक्याने आवळते हे तिला ठाऊक होतं. तिने फक्त नवऱ्याकडे पाहिलं. बोटं काळीनिळी होत होती.

"काशीनाथ."

यमुनाबाईंनी कपाळावर हात मारला. "अगंबाई, नवऱ्याचं नाव घेतलं! ही ती नाहीच, आतलं बोलतंय!"

"काशीनाथ, सोड."

"हलू नकोस," अण्णा म्हणाले. "फसवतंय तुला."

काशीनाथ चार पावलांवर उभा होता. अण्णांची ही गाठसुद्धा कुठून सैल करायची ते दोन वर्षांत त्याच्या बोटांना पाठ झालं होतं. पण सोडली असती तर अण्णांनी विचारलं असतं, हे तुला कसं येतं? त्या एका प्रश्नाला भिऊन तो जमिनीकडे बघत राहिला.

शेवटी भगतच बोलला. "शेट, बाईला काय नाय लागला. हात काला पडला तिचा. सोडा."

"तुला तांदूळ टाकायला बोलावलंय, अक्कल शिकवायला नाही."

काळ्याने तांदळाचं सूप बाजूला सारलं, कमरेचा कोयता काढला, ओटा चढून आला आणि मला कापलं. ओट्यावर चढण्याची ज्या जातीची लायकी नाही असं अण्णा म्हणायचे, त्या जातीच्या माणसाने.

दिवसभर जयमालेला पाण्याचा तांब्या धरता आला नाही. संध्याकाळी ती पेटी भरत होती. काशीनाथ दारात घुटमळला. "अण्णांसमोर मी काय सांगणार होतो?"

"सांगायचं नव्हतं," ती म्हणाली. "सोडायचं होतं."

सोमवारी सकाळच्या गाडीने ती पालघरला भावाकडे गेली. तिच्या पेटीवरची पत्त्याची चिठ्ठी काशीनाथनेच लिहिली. ड्यूटीवर होता ना.

आज माझा एक तुकडा शेळीच्या गळ्यात आहे, दुसरा वाडीच्या झाप्याला, म्हणजे फाटकाला. सुनेला काहीतरी लागलं होतं, आम्ही केलं तेवढं केलं, असं अण्णा अजून ओट्यावर बसून सांगतात आणि लोक माना डोलावतात. माझी कुणी कीव करू नका. मला कुजवा, चुलीत घाला. पण बापासमोर ज्याची जीभ टाळूला चिकटते, त्याच्या हातात माझ्या जातीचं काही देऊ नका.

काशीनाथने पालघरला अकरा पत्रं टाकली, एकाचंही उत्तर आलं नाही. जयमाला परत आली नाही. तो सदतीस वर्षांचा आहे आणि आईबापांबरोबर राहतो.