उजवा बूट

"अहो, तो बूट तरी फाटेल, नाहीतर तुमचा पाय! सोडा आता!" मीराबाईने लाटणं आदळलं.

जगदीश ऐकतोय कुठे! सहा डिसेंबर तोंडावर आलेला. तीस वर्षं हा माणूस समता सैनिक दलाच्या गणवेशात दादरला दर्शनाच्या रांगा सांभाळत उभा राहिलेला, आणि यंदा उजवा बूट काही केल्या पायात शिरेना. अंगठ्याच्या मुळाशी ही लिंबाएवढी गाठ. "बुटाचा घट्टा आहे गं, सैनिकाच्या पायाला असायचाच," म्हणत ह्याने ती वर्षानुवर्षं मिरवली, वर ब्लेडने तासली. घट्टा म्हणे! घट्ट्याने कधी पाय लालबुंद होतो? साधी चादर लागली तरी माणूस ओरडतो? डॉक्टरांनी मागेच युरिक अ‍ॅसिड सांगून रोजची गोळी दिली होती. पण ठणका थांबला की ह्याची गोळी बंद. "दुखत नाही तर कशाला खाऊ?" आणि डॉक्टरांनी मना केलेली रविवारची वजडी मात्र चुकायची नाही. सांगून सांगून मीराबाईच्या तोंडाला फेस आला होता.

शेवटी तिनेच त्याला भोईवाड्यातून ओढत परळच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला.

"काका, हा घट्टा नाही. युरिक अ‍ॅसिडचे खडे साचलेत. त्यांनी सांध्याचं हाड कुरतडलंय, आणि हे बघा, शेजारी नवीन हाड वाढलंय."

"एकीकडे खातंय नि एकीकडे वाढतंय? असं कसं?"

"गाउट, म्हणजे हा युरिक अ‍ॅसिडचा वात, अंगात मुरला की बऱ्याच जणांना होतं असं. गोळी रोज घेतलीत तर खडे हळूहळू विरघळतील. वाढलेलं हाड विरघळत नाही."

"मग बूट?"

"बूट विसरा, काका. रुंद चप्पल घाला."

"चपलेवर उभे राहा की," घरी आल्यावर मीराबाई म्हणाली.

"गणवेशावर चप्पल? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" जगदीशने दलातल्या दौलतला फोन लावला, यंदा यादीतून माझं नाव काढ म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

"भोगा आता!" मीराबाई बोलून गेली. मग तिलाच वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचाही राग आला.

सहा तारखेला तो पांढरे कपडे घालून, पायात चप्पल सरकवून, तिच्याबरोबर रांगेत उभा राहिला. इतकी वर्षं ह्या रांगेत ती एकटी असायची. पोरं लहान होती तेव्हा एक कडेवर, एक हाताशी. हा पुढे कुठेतरी शिट्टी फुंकत.

"ओ ताई, रांग सोडू नका! मागून ढकलू नका!"

"अहो, आज तुम्ही रांगेत आहात. गप उभे राहा!"

ऊन डोक्यावर आलं. रांग इंचाइंचाने सरकत होती. जगदीश सगळा भार डाव्या पायावर घेऊन उभा होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं,

"मीरा, तू दरवर्षी एवढा वेळ उभी असायचीस?"



"पुढे सरका," ती म्हणाली, आणि तिने त्याचा दंड धरला.