गुंडीची मान कलेल तिकडे

गुंडी फक्त गाडीतच झोपते, हे आमच्या घरातलं सर्वमान्य सत्य होतं. ते साफ खोटं आहे, हे मला आणि सासूबाईंना ठाऊक होतं. गुंडीलाही असावं, पण ती अजून बोलत नाही.

मुळात दोष दुपारचा. भांडी झालेली, कपडे वाळत घातलेले, नवरा लिफ्ट दुरुस्त करायला गावभर हिंडतोय आणि आम्ही दोघी आळीपाळीने त्या गोऱ्यागोमट्या गोळ्याकडे बघत बसलोय. गोळा गोड आहे, वादच नाही. त्याच्या मानेच्या वळीत नाक खुपसून मी जन्म काढेन. पण तासभर खुपसलं की नाकालाही कंटाळा येतो, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

एकदा लस टोचून येताना ती गाडीत गाढ झोपली. घर आलं. मी गाडी लावायला गेले, तर मागून सासूबाई म्हणाल्या, राहू दे, उठेल ती. म्हणून आणखी एक चक्कर मारली. दुसऱ्या दिवशी लस नव्हती, तरी निघालो.

जायचं कुठे, हे गुंडी ठरवायची. चौक आला की झोपेत तिची मान ज्या बाजूला कललेली असेल तिकडे वळायचं. वाद घालायचा नाही, कारण विचारायचं नाही. अशा रीतीने आम्ही सिमेंटच्या पाइपांच्या वखारीत जाऊन आलो आणि एकदा थेट बस डेपोत शिरलो. रखवालदाराने काय काम आहे विचारल्यावर सासूबाईंनी गुंडीकडे बोट दाखवलं आणि हिचं आहे म्हणाल्या. त्यांनी आयुष्यभर शिवणकाम केलं. त्यामुळे त्या गाडीच्या काचेतून लोकांच्या खिडक्यांतले पडदे तपासायच्या. कुणाची शिवण उसवलीय, कुणी कापड उलटं लावलंय. लग्न झाल्यापासून माझ्याशी जेवढ्या बोलल्या नव्हत्या, तेवढ्या परक्यांच्या पडद्यांवरून बोलल्या.

नवऱ्याला मात्र आमची दया आली. त्याला दया आली की तो अवजारं काढतो. त्याने पाळणा बनवला. खाली पंख्याची जुनी मोटर, गाडीसारखी थरथरणारी. बाजूच्या डबीतून इंजिनाचा आवाज, तोही आमच्याच गाडीचा, सकाळी लवकर उठून रेकॉर्ड केलेला. आता तुम्हाला उन्हातान्हात वणवण नको, म्हणाला. मला त्याचा राग आणि त्याच्यावरचं प्रेम असं एकदम आलं की शिंक अडकल्यासारखं तोंड झालं.

दुपारी गुंडीला पाळण्यात ठेवलं. आम्ही हात काढेपर्यंत ती झोपलीसुद्धा. फितूर कुठली! आम्ही दोघी दोन बाजूंना उभ्या, कारखान्याला टाळं लागल्यासारख्या. मग शेजारणीची वाटीभर साखर परत केल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही, त्या माझ्या सासूबाईंनी हात पुढे केला आणि नातीच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. गुंडीने घर डोक्यावर घेतलं.

"बघ," त्या शांतपणे म्हणाल्या, "नाही झोपत."

मी गाडीची किल्ली घेतली.

पाळणा चालत नाही, असं संध्याकाळी नवऱ्याला कळवलं. त्याने थरथर वाढवली, मग कमी केली, मग स्प्रिंग बदलली. आम्ही रोज नकार कळवत राहिलो. एका रात्री जेवताना तो हसत म्हणाला, अख्ख्या इमारती वरखाली करतो मी, आणि एक पोर झोपवता येत नाही. हसला खरा, पण ताटातलं तसंच होतं.

सुट्टीच्या दिवशी तो स्वतः पाळण्याशी बसला. गुंडी झोपली. त्याने श्वास रोखून आम्हाला खुणेने बोलावलं. त्याचा चेहरा बघवत नव्हता, इतका उजळला होता. तेवढ्यात मला दिसलं की सासूबाईंचा हात हळूहळू पाळण्याकडे सरकतोय. तो मी धरला.

"झोपते ती," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून झोपते. फिरायला आम्हालाच जायचं असतं."

"कुठे?"

"कुठे म्हणून नाही. नुसतंच."

त्याने साक्षीदार आपल्या बाजूचा असल्याच्या विश्वासाने आईकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत राहिल्या आणि मग म्हणाल्या, मलाही. मग एवढं सरळ सांगायचं ना, असं तो म्हणाला. मी सांगायचा प्रयत्न केला. लेकरासाठी बाहेर पडलं की कुणी काही विचारत नाही. स्वतःसाठी पडायचं तर काय सांगायचं, ते मला सुचतच नव्हतं. तो ऐकत होता. मग त्याला एकदम काहीतरी उमगलं.

"म्हणजे तुम्ही तिला उठवत होता?"

"तुझा पाळणा फार चांगला झालाय रे," सासूबाई म्हणाल्या. "आम्ही तरी काय करणार?"

तो हसू लागला, पण आवाज न करता, नुसते खांदे हलवत. मग पाळण्याशेजारी मांडी घालून बसला आणि जा म्हणाला. उठली तर काय करू, हेही विचारलं.

"उचल," सासूबाई म्हणाल्या. "बाप आहेस तिचा."

खाली आल्यावर त्यांनी सवयीने मागचं दार उघडलं, थबकल्या, लावलं आणि पुढे येऊन बसल्या. सीट मागे ढकलून पाय लांब केले. गल्लीच्या टोकापर्यंत मी नेहमीसारखी जपून, खड्डे चुकवत गेले.

"अगं," त्या म्हणाल्या, "मागे कुणी झोपलेलं नाहीये. दाब की जरा."