म, खाली दोन ठिपके

रामचंद्र परटाला अकरा अक्षरं येत होती. शाळेत शिकलेली नव्हेत. अकरा घरांचे कपडे त्याच्याकडे धुवायला येत, म्हणून अकरा. त्यातलं सगळ्यात जुनं अक्षर म. ते खोताच्या वाडीपलीकडच्या गल्लीतल्या कमलाकांतरावांच्या घराचं. रामचंद्राच्या बापाने केव्हातरी ते त्या घराला लावून दिलं आणि लागलं ते लागलंच. त्यांचा मुलगा मनमोहन पुढे जन्मला, तेव्हा ते अक्षर त्या घरात वीस वर्षं आधीपासून नांदत होतं. बाईसाहेबांनी एकदा विचारलं होतं, "आम्हाला म-च का रे?" तर रामचंद्राने तोंड वर करून सांगितलं, "बापाने दिलेलं हाय, बाईसाहेब. बदलता यायचं न्हाय."

पण त्या एका अक्षराचा संसार मोठा होता. बिब्ब्यात सुई बुडवून कॉलरच्या आतल्या अंगाला म काढायचा. खाली एक ठिपका म्हणजे खुद्द कमलाकांतराव, दोन ठिपके म्हणजे मनमोहन, ठिपकाच नसला तर बाईसाहेबांचं लुगडं. डोक्यावरची रेघ लांब ओढली की खळ कडक हवी. शेपटी वळवली की खळ नको, मानेला टोचते. आडवा म म्हणजे कपडा आधीच फाटून आला आहे, मागून भांडण नको. कोण जाड झालं, कोण बाळंतीण आहे, कोणाला नोकरी लागली, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना कळायच्या आधी त्या म-ला कळायचं. आणि बिब्ब्याची खूण कपडा विरला तरी जात नाही, हे सांगताना रामचंद्राची मान अशी ताठ व्हायची, जसं काही बिब्ब्याचं झाड त्याच्याच परसातलं.

छप्पन सालच्या जानेवारीत गिरगावापासून लालबागपर्यंत भिंती डांबराने रंगल्या. मुंबई, महाराष्ट्र, मोर्चा. रामचंद्राला त्यातला म तेवढा वाचता येई. "कमलाकांतरावांचं धुणं लय वाढलंय बरं का," असं तो शेवंताला, आपल्या बायकोला, म्हणाला होता आणि ती तोंडाला पदर लावून हसली होती. ही शनिवारची गोष्ट. सोमवारी गोळीबार सुरू झाला, कर्फ्यू लागला, आणि त्यानंतर रामचंद्राच्या घरात कोणी हसलं नाही.

गुरुवारी सकाळी कर्फ्यू दोन तास उठला. रामचंद्राने दुकानाची एकच फळी काढली होती, तेवढ्यात हवालदार आला. त्याच्या हातात वर्तमानपत्राची पुडी होती. त्याने ती इस्त्रीच्या टेबलावर सोडली. आत शर्टाची कापलेली कॉलर होती, अर्धी वाळून काळी पडलेली.

"इस्पितळात एक बेवारशी मुडदा पडलाय. तोंडावरून ओळख पटायची नाही," हवालदार म्हणाला. चार दिवस झोप नसलेल्या माणसाचा आवाज होता. "गिरगावात सगळ्या लाँड्र्या पालथ्या घातल्या. ही खूण तुझी म्हणतात."

रामचंद्राने कॉलर उजेडाला धरली. म, खाली दोन ठिपके, रेघ लांब.

"कमलाकांतरावांचा मनमोहन," तो म्हणाला.

तीस वर्षं खूण दिसली की तोंडातून नाव निघत होतं, तसंच ते निघालं. त्यात विचार करायला जागाच नव्हती. नाव बोलून झालं, हवालदाराने ते लिहूनही घेतलं, आणि मग रामचंद्राला कॉलरीवरच्या निळ्या रेघा दिसल्या.

परटांच्या धंद्यात एक जुनी खोड आहे, ती गिऱ्हाइकांना सोडून सगळ्यांना ठाऊक असते. लग्नकार्याला, पाहुण्यांकडे जायला गिऱ्हाइकाचा चांगला कपडा दोन दिवस अंगावर चढवायचा आणि पुन्हा धुवून, कडक इस्त्री करून पोचवायचा. कोणाचं काही जात नाही. गिरगावात कितीतरी मंडळी परक्याच्या शर्टात बोहल्यावर उभी राहिली आहेत आणि त्यांचे संसारही नीट झाले आहेत. रामचंद्र एरवी यात पडत नसे. पण रविवारी त्याचा धाकटा भाऊ जगन मुलगी बघायला डिलाईल रोडला, मावशीकडे जाणार होता. आईमागे त्याला रामचंद्रानेच वाढवलं होतं. जगनकडे एकच शर्ट होता आणि त्याच्या कोपराला ठिगळ होतं. रामचंद्राने मनमोहनच्या गठ्ठ्यातला निळ्या रेघांचा शर्ट काढला, स्वतःच्या हाताने त्याला घातला, वरचं बटण लावलं. "डाग पाडू नको रे," एवढंच म्हणाला. रविवारी गेलेला जगन अजून परतला नव्हता. कर्फ्यूत मावशीकडे अडकला असेल, असं दोघं नवराबायको एकमेकांना सांगत होते.

"घर दाखव, चल," हवालदार म्हणाला.

"कोण हाय वो?" आतून शेवंताने विचारलं. ती भाकरी थापत होती.

"खूण इचारतायत," रामचंद्र म्हणाला आणि चपला घालून निघाला.

रस्त्यात त्याला काही वाटलं नाही. त्याचं त्यालाच नवल वाटलं. वाटेत फुटलेल्या काचा होत्या, जळलेल्या टायराचा वास होता, भिंतीभिंतीवर म होता. पाय चालत होते, पण ते दुसऱ्या कोणाचे तरी असल्यासारखे. एकच गोष्ट डोक्यात पक्की होती: आपण बोललो नाही तोवर जगन डिलाईल रोडला आहे. मावशीच्या हातचं कालवण ओरपतो आहे, मुलगी काळी की गोरी यावर वाद घालतो आहे. आपण तोंड उघडलं की तो इस्पितळात.

कमलाकांतराव दारातच उभे होते. मनमोहन मंगळवारी सत्याग्रहींच्या जथ्यात गेला तो परत आला नव्हता. हवालदाराला बघून ते पुढे आले. पुडी हातात घेतली, उघडली, आणि मागे उभ्या असलेल्या बायकोकडे दिली. उर्मिलाबाईंनी कॉलर उलटी करून खूण पाहिली.

"दिवाळीचा," त्या म्हणाल्या. "कापड मीच आणलं होतं."

मग त्या उंबऱ्यावर बसल्या. रडल्या नाहीत. कमलाकांतराव कोट शोधायला आत गेले आणि कोट हातात धरूनच घरभर तो शोधत राहिले.

रामचंद्र ओट्याखाली उभा होता. तीस वर्षं तो तिथेच थांबत आला होता. आता गप्प राहिलं तर काय होईल, हे त्याने शांतपणे पाहिलं. हे लोक इस्पितळात जातील. तोंड ओळखू येत नाही. मनमोहनच्या नावाने चंदनवाडीच्या स्मशानात सगळं रीतसर होईल, चांगल्या लाकडांत होईल. आणि जगन राहील डिलाईल रोडला, कायमचा. त्याला हे पटलंसुद्धा. फार सोपं होतं ते. नुसतं उभं राहायचं होतं.

"रामा," उर्मिलाबाईंनी मान वर केली. "तू तरी सांग. त्याचाच ना रे?"

"खूण तुमचीच, बाईसाहेब."

त्यांनी डोळे मिटले. त्यांची मिटलेली पापणी थरथरत होती. रामचंद्राने ती पाहिली आणि त्याला ते बघवलं नाही.

"शर्ट तुमचा हाय," तो म्हणाला. "आतला माणूस तुमचा न्हाय. आतला माणूस माझा हाय. जगन. रविवारी मीच दिला त्याला घालायला."

मग उर्मिलाबाई उठल्या, ओटा उतरून आल्या आणि त्यांनी रामचंद्राचे दोन्ही हात धरले. "नाही ना? नक्की नाही ना तो?" त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "अहो, ऐकलंत का? तो नाही!" मग त्यांनी रामचंद्राच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांचे हात गळून पडले आणि कुठे बघावं ते त्यांना कळेना.

"म्हणजे गिऱ्हाइकाचा शर्ट परस्पर भावाला दिलास तू?" हवालदाराने पेन्सिल काढली. "हे लिहावं लागेल."

"परस्पर नाही," कमलाकांतराव आतून म्हणाले. एका हरवलेल्या बटणासाठी महिनाभर धुसफुसणारा हा माणूस. ते दारात आले, कोट अजून हातातच. "जुना झाला होता. मीच देऊन टाकला त्याला. तसं लिहा."

दिवाळीला शिवलेला शर्ट. हवालदाराने दोघांकडे पाहिलं आणि तसं लिहिलं.

"चल रामा," कमलाकांतराव चपला घालत म्हणाले. "मी येतो तुझ्याबरोबर."

रामचंद्र हलला नाही. त्याने उर्मिलाबाईंच्या पायाशी पडलेली कॉलर उचलली, झटकली, दोन बोटांनी तिची घडी सारखी केली.

"असं कसं, साहेब. दिवाळीचा हाय," तो म्हणाला. "बाकीचा पण आणतो इस्पितळातून, कॉलर शिवून घेऊ. डाग रक्ताचाच हाय, गार पाण्यात घातला की सुटतो. सोमवारी आणून देतो."

कोणी त्याला थांबवलं नाही, म्हणून तो पुढेही सांगत राहिला, की साबण आधी लावायचा नसतो, आणि गरम पाणी तर मुळीच नाही.