डाव्या पायातलं पैंजण

पाय बधिर झाल्याचं आधी सगुणाला कळलं, मला नंतर.

मिरकरवाड्याच्या बंदरावर आम्ही बांगडे घ्यायला गेलो होतो. लिलाव उरकला होता, सगळीकडे बर्फाचं पाणी आणि चिखल. पिशवी घेऊन रिक्षापर्यंत चालत आलो तेव्हा ती माझ्या पायांकडे बघत थांबली. म्हणाली, "अवो, उजवी चप्पल कुटं हाय?"

मी खाली बघितलं. उजवा पाय अनवाणी होता. टाचेत शिंपल्याचा तुकडा रुतला होता आणि रक्त येत होतं. मला काही लागल्याचं कळलंच नव्हतं. चप्पल बर्फाच्या गाडीजवळ सापडली. सगुणानं ती धुऊन आणली, आणि रिक्षात बसल्यावर माझ्या तळव्याला चिमटे काढून बघत राहिली. कळतंय का, असं दर वेळी विचारायची. मी नाही म्हणायचो.

मुंग्या दोन वर्षं येत होत्या, हातांच्या बोटांना आणि तळव्यांना. भाताच्या लावणीत दिवसभर वाकून येत असतील असं मी धरून चाललो होतो. त्या दिवशी समजलं की पायांतल्या मुंग्या जाऊन तिथे आता काहीच उरलेलं नाही.

रत्नागिरीतले डॉक्टर झाले. साखर नाही, थायरॉईड नाही, रक्त बरोबर. एकानं नसांना वीज लावून बघितली आणि नसा मंदावल्यात असं सांगितलं. कशानं, ते त्यालाही सांगता येईना. त्यानं मला पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला लावले. मी सरळ आडवा झालो, त्यानंच धरलं. तुमचे पाय कुठे आहेत ते तुम्हाला फक्त डोळे सांगतात, असं म्हणाला. पुढची तपासणी मुंबईला. सगुणानं आमच्या मुलाला, नितेशला फोन करून तारीख घ्यायला लावली आणि ती फाइलवर लिहून ठेवली.

तारखेच्या नऊ दिवस आधी ती गेली. सकाळी भाकऱ्या थापताना छातीत दुखतं म्हणाली आणि रिक्षा येईपर्यंत संपली. आजारी मी होतो आणि गेली ती. हे मला अजून नीट लिहिता येत नाही.

आमच्या वाडीत गौरीच्या दिवशी जाखडी होते. मधे ढोलकी आणि गाणारे बसतात, भोवती आठ गडी उजव्या पायात घुंगरांची चाळ बांधून फेर धरतात. अठराव्या वर्षापासून मी त्या फेरात आहे. सगुणा पडवीत पाठ करून बसली तरी आठांतून माझी चाळ ओळखायची. ती गेली त्या वर्षी मी नाचलो नाही. यंदा शिमग्यालाच हरिश्चंद्र येऊन सांगून गेला. तो आमचा शाहीर, ढोलकी त्याचीच, लहानपणापासूनचा सोबती. म्हणाला, फेरात मान वर ठेवून नाचायचं असतं, पायांकडे बघत नाही. तू पडलास तर मागचे तुझ्यावर पडतील. त्यापेक्षा झांज वाजव. झांज दोनदा माझ्या बोटांतून सुटली. मग म्हणाला, म्हाताऱ्यांत बाकावर बस. मी अठ्ठावन्न वर्षांचा आहे.

त्याचं चुकलं नव्हतं, पण मला बाकावर बसायचं नव्हतं.

त्याच आठवड्यात भाजावळीसाठी, पेरणीआधी शेत भाजायला, आंब्याखालचा वाळका पाला गोळा करायला गेलो. भारा डोक्यावर, खाली बघायची सोय नाही, तरी बांधापर्यंत सरळ आलो. बांधापुढे उघडा कातळ लागला आणि दुसऱ्याच पावलाला माझा तोल गेला. भाऱ्यासकट पडलो. पडल्या पडल्या लक्षात आलं. इतका वेळ पाला वाजत होता. पाऊल टेकलं की कान सांगत होते.

घरी येऊन ठेवणीतली चाळ काढली आणि उजव्या पायात बांधली. उजवं पाऊल टेकलं की कळे, डावं टेकलं की कळत नसे. दुसरी चाळ मागून डाव्या पायाला बांधली, तर दोन्हींचा आवाज एकच. कुठलं पाऊल पडलं याचाच घोटाळा. न्हाणीच्या दगडावर आपटलो. डाव्याला आवाज पाहिजे होता, पण वेगळा.

सगुणाची पैंजणं डब्यात फडक्यात बांधलेली होती, सुनेला द्यायची म्हणून ठेवलेली. त्यातलं एक घेतलं. माझ्या घोट्याला पुरेना, म्हणून सुतळी जोडली. बोटांनी गाठ बसत नाही, ती आधी दातांनी आवळली आणि मग पैंजण पायात चढवलं. चाळ जड वाजते, पैंजण बारीक. आता चूक होईना.

पहिला महिना पडण्यातच गेला. मग रोज उतरत्या उन्हात भिंतीला हात लावून, मान वर करून नाचायचो. मिरगाचा पाऊस येईपर्यंत भिंत सुटली.

गौरीच्या दुपारी मी अंगणात उतरलो तेव्हा हरिश्चंद्रानं माझ्या पायांकडे बघितलं.

"काय रं भागोजी, बायको गेली म्हणून तूच बायको झालास?"

सगळे हसले. मी म्हटलं, "हसून घे. मग ढोलकी धर. आणि माझ्यासाठी हळू वाजवू नको."

तरी त्यानं सुरुवात हळूच केली. नितेश फेराच्या बाहेरून हात पुढे करून माझ्यासोबत सरकत होता. मी मान वर ठेवली. समोर कौलं दिसत होती, खाली जड आणि बारीक आवाज आळीपाळीनं येत होते. दुसऱ्या गाण्याला हरिश्चंद्रानं लय वाढवली. नितेश बाकावर जाऊन बसला. पुढे तर हरिश्चंद्र मुद्दामच जोरात वाजवू लागला, मला पाडायला असल्यासारखा, आणि मी पडलो नाही. चार गाणी झाली. मुंबईहून आलेले दोन तरणे गडी दम लागून बाजूला झाले. त्यांच्या जागा भराव्या लागल्या, माझी भरावी लागली नाही.

हरिश्चंद्र घाम पुसत आला. "पुढच्या साली फेराच्या पुढं तूच," म्हणाला. "आन् ते पैंजण काढू नको."

घरी येऊन तळवे आरशात बघितले. सगुणानंच ती सवय लावली होती, त्या चपलेच्या दिवसापासून. एक मोठा फोड आला होता. तो धुऊन बांधला.

मुंग्या कशानं येतात ते अजून कुणाला माहीत नाही. फाइलवर सगुणाच्या अक्षरात ती हुकलेली जुनी तारीख आहे. दुसरं पैंजण सुनेला द्यायचं राहिलंय, आणि मुंबईची नवी तारीखही मी अजून घेतलेली नाही.