कणगीची चौथी आवृत्ती

इंद्रभान बोडखेने भर दुपारी, स्वतःच्या हाताने आपल्या आईला पुसून टाकलं आणि वर त्या आनंदात मोतीरामला चहा पाजला. जाणूनबुजून केलं असतं तर त्याला पापी म्हणून मोकळं होता आलं असतं. पण त्याने ते हुशारीने केलं, आणि हुशार माणसाची चूक मूर्खाच्या चुकीपेक्षा नेहमीच जास्त खोल जाते.

गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. खामगावात तेव्हा कॉम्प्युटर बोटावर मोजण्याइतके, आणि ते चालवणारे त्याहून कमी. पास्कल नावाच्या भाषेत त्या यंत्राला कामं सांगता येत. पण हजारो नोंदी नीट लावून ठेवायच्या आणि मागितली ती चुटकीसरशी काढून द्यायची, हे त्या भाषेला स्वतःहून जमत नसे. इंद्रभानने त्यासाठी एक जोड लिहिली होती. पास्कलला ती जोडली की नोंदी भरता येत, शोधता येत, काढता येत. घरच्या धान्याच्या कणगीवरून त्याने तिचं नाव ठेवलं कणगी. वऱ्हाडात एकोणीस ठिकाणी ती चालत होती. लोक पत्रं लिहून तक्रारी कळवत, हा दुरुस्त्या करी आणि नवी फ्लॉपी टपालाने पाठवी. कणगी फुकट मिळत होती, त्यामुळे तक्रारींना तोटा नव्हता.

या वेळची तक्रार गावातल्याच एका ट्रस्टच्या बाळंतपणाच्या दवाखान्यातून आली होती. मोतीराम तिथला रेकॉर्डचा कारकून. दवाखाना निघाल्यापासूनची सगळी रजिस्टरं त्याने दोन पोरी बसवून कॉम्प्युटरवर चढवली होती. पण चार बाळंतपणं झालेली बाई चार वेळा भरली गेली होती, आणि कणगीला विचारलं की ती पहिली नोंद दाखवून गप्प बसे.

"एका बाईच्या चार बाया झाल्या, इंद्रभानभाऊ," मोतीराम म्हणाला. "एकीले मलेरिया, दुसरी चांगली. डॉक्टरबाई माह्यावर चिडून राह्यल्या."

इंद्रभानने आठ दिवस बसून चौथी आवृत्ती काढली. तिच्यात एक नवा नियम घातला. बाईचं नाव, नवऱ्याचं नाव आणि गाव, तिन्ही जुळलं की ती एकच बाई. नवी नोंद ठेवायची, जुन्या काढून टाकायच्या आणि त्यांची जागा लगेच भरून घ्यायची. पुढे तसली दुसरी नोंद कोणी भरू लागलं तर घ्यायचीच नाही.

मोतीराम काही शिकलेला नव्हता, पण त्याने विचारलं होतं. "अन एका माणसाच्या दोन बायका असल्या तं?"

"दोन असतीन ना! चार असतीन," इंद्रभान हसला. "पण एका घरात दोघींचं नाव एकच असते का कधी? कोणाले हाक मारन तो? म्या काही पुण्याचा नाई, मोतीरामभाऊ. मले आपली गावं ठाऊक आहेत."

आपल्याला आपली गावं ठाऊक आहेत, असं ज्याला वाटतं त्याने निदान एवढ्या मोठ्याने बोलू नये.

सोमवारी दुपारी त्याने दवाखान्याच्या यंत्रावर चौथी आवृत्ती चालवली. अर्ध्या तासात साडेतेराशे नोंदी निघाल्या. मोतीरामने खूश होऊन रोजच्यासारखी फ्लॉपीवर नक्कल घेतली. त्याच एका फ्लॉपीवर, कालची पुसून. मग चहा झाला, आणि चहा पिता पिता इंद्रभान काढलेल्या नोंदींची छापील यादी चाळू लागला.

नवव्या पानावर त्याचा हात थांबला.

मंजुळा. उकंडराव बोडखे. वरवट बकाल. अकरा ऑक्टोबर एकोणीसशे साठ. माता मृत.

मंजुळा ही त्याची आई. उकंडराव त्याचे वडील, तीन वर्षांपूर्वी वारलेले. वरवट बकाल त्याचं गाव आणि अकरा ऑक्टोबर साठ ही त्याची जन्मतारीख.

आधी त्याला हसू आलं. "मोतीरामभाऊ, तुमच्या पोरींनी माही माय मारून टाकली!" काल बसवाल्याच्या हाती तिने मेथी पाठवली होती. मेलेली बाई मेथी पाठवत नाही. म्हणजे रकाना सरकला असणार, खालच्या बाईचा मृत्यू वरच्या बाईला चिकटला असणार. हे कणगीत पूर्वी एकदा झालं होतं.

तो तपासायला बसला. आधीची ओळ पाहिली, नंतरची पाहिली. रकाने जागच्या जागी होते. ठेवलेली नोंद काढली. मंजुळा उकंडराव, चौसष्ट साल, मुलगी, दोघी सुखरूप. ही कोकिळा, त्याची बहीण. तेही बरोबर. दोन तास त्याने आपला प्रोग्राम ओळीओळीने वाचला. आयुष्यात पहिल्यांदा त्यात चूक सापडावी म्हणून तो देव पाण्यात घालून बसला होता, आणि चूक सापडत नव्हती. मग एकाएकी त्याच्या डोक्यात लख्ख झालं की यंत्र खरं बोलतंय. मंजुळा दोन होत्या, आणि त्याला जन्म देणारी साठ सालीच गेली होती.

"मूळ रजिस्टर काढा."

"थे कुठून?" मोतीराम म्हणाला. "कॉम्प्युटर आला म्हणून ट्रस्टीनं सारे रद्दीत देले. वाळवी लागली होती."

"नक्कल?"

मोतीरामने ती एकुलती एक फ्लॉपी पुढे केली आणि दोघांनाही एकदमच उमगलं. यादीत छापलेल्या त्या तुटपुंज्या ओळीखेरीज आता काही उरलं नव्हतं. तिचं वय काय होतं, माहेर कोणतं, ती कशाने गेली, सगळं पुसलं गेलं होतं. पुसणारा नियम त्याचा होता, अक्षर न् अक्षर त्याचं होतं.

तशाही अवस्थेत त्याने एक काम शहाण्यासारखं केलं. चौथी आवृत्ती त्याने आणखी तीन ठिकाणी टपालात टाकली होती. तारघरात जाऊन त्याने तिन्हीकडे तारा केल्या, 'नवी कणगी चालवू नका'. अक्षर इतकं वेडंवाकडं आलं होतं की तारबाबूने मजकूर त्याच्याकडून दोनदा वाचून घेतला. मग तो शेगावमार्गे वरवटला जाणाऱ्या गाडीत बसला.

सगळ्या वाटेने त्याला एकच आठवत होतं. त्याची आत्या, मनकर्णाबाई, तो आईच्या पदराशी घोटाळला की म्हणायची, "माय मरो, मावशी जगो!" आणि बाया हसायच्या. आई हसायची नाही. म्हण आहे, लोक म्हणतात, असं त्याला वाटे. पुढे दहाव्या वर्षीच त्याला गावापासून लांब वसतिगृहात टाकलं. म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक होतं तर. कुत्र्यामांजरांना ठाऊक होतं, फक्त यालाच नव्हतं.

आई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती.

"असा अवचित काऊन आला बाप्पा? बरं नाई का?"

त्याने कागद तिच्यापुढे धरला. तिला वाचता येत नव्हतं, हेही तो विसरला होता. मग त्याने वाचून दाखवलं. 'माता मृत' त्याने दोनदा वाचलं.

तिने हातातली जुडी खाली ठेवली. पदराला हात पुसून कागद हातात घेतला.

"थे कागदावर हाये?" ती म्हणाली. "मले वाटे, कुठीच नसीन."

"कोण होती?"

"माही बहीण. माह्याहून दोन वर्सानं मोठी."

मग ती बोलत गेली, रडली वगैरे नाही. सोनाळ्याच्या दोघी बहिणी. मोठी मंजुळा उकंडरावाला दिलेली. बाळंतपणात अडली, बैलगाडीतून आणि मग मालाच्या ट्रकातून खामगावला नेली. धाकटी सोबत होती. पोर वाचलं, ती रक्त जाऊन गेली. तीन महिन्यांनी धाकटीलाच त्या घरात दिलं, तान्ह्या पोराला सांभाळायला दुसरं कोण होतं?

"अन नाव?"

"तुही आजी म्हणे, पोराच्या मायचं नाव मंजुळा, मंजुळाच राहीन. माह्या नातवाले बिनमायचा कोणी म्हणू नये. लग्नात तांदळावर थेच नाव लिहिलं. भांड्यावरही कोरलेलंच होतं. तुले सांगू नये म्हणून सगळ्यायले शपथ घातली." तिने गळ्यातल्या काळ्या पोतीतून चांदीचा एक चपटा पत्रा बाहेर काढला, त्यावर बाईची आकृती ठोकलेली होती. "हे देवी नोहे. हे थेच. सवतीचा टाक. मेलेल्या पहिलीले दुसरीनं असं गळ्यात वागवा लागते."

लहानपणी तो त्या पत्र्याशी खेळत झोपी जायचा. त्याला भडभडून आलं आणि त्याचबरोबर भयंकर रागही आला.

"अठ्ठावीस वर्सं, माय! एक डाव तरी सांगाचं!"

"सांगतलं असतं तं मंग म्या तुही कोण राह्यली असती?" ती म्हणाली.

मग त्याने स्वतःची करणी सांगितली. ती नोंद कशी होती, कशी गेली, कोणी घालवली. बहीण मेल्याचं सांगताना जी बाई रडली नव्हती, ती हे ऐकून तोंडात पदर कोंबून रडली.

"परत नाई का घालता येत?"

"तुले सारं आठवते?"

"मले नाई आठवन तं कोणाले?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने दोघं खामगावला आली. मोतीरामने त्यांना आपली खुर्ची दिली आणि स्वतः स्टुलावर बसून आई सांगेल तसं टाईप करत गेला. मंजुळा, नवरा उकंडराव, गाव वरवट बकाल. वय एकोणीस. माहेर सोनाळा. सोबत आलेली, धाकटी बहीण. कारण, रक्त जाऊन. इंद्रभान मागे उभा होता. आपली आई आपल्याहून नऊ वर्षांनी लहान आहे, हे त्याच्या डोक्यात शिरत होतं आणि बाहेर पडत होतं.

मोतीरामने शेवटचं बटण दाबलं. यंत्र किरकिरलं आणि पडद्यावर इंद्रभानने आठवड्यापूर्वीच लिहिलेलं वाक्य आलं. ही बाई आधीच आहे.

मोतीरामने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"घेऊन नाई राह्यलं, भाऊ."

"घेणारच नाई," इंद्रभान म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "म्याच तसं केलं. मले नियम काढा लागीन, पाचवी आवृत्ती करा लागीन. आठ दिवस दे, माय."

"काय म्हणते थे?" आईने पडद्याकडे बोट केलं.

"म्हणते, या नावाची बाई घरात आधीच आहे."

"थे म्या."

"हाव. तू."

आईने थोडा विचार केला. "म्हणजे तिचं नाव म्या लावून बसली म्हणून तिले आत येता येत नाई."

"तसं नाई माय, चूक माही आहे..."

"तसंच आहे. अठ्ठावीस वर्सं तसंच आहे." ती मोतीरामकडे वळली. "भाऊ, आधी मले काढा तिच्यातून."

मोतीराम गांगरला. त्याने चौसष्ट सालची नोंद उघडली, नाव खोडलं आणि रिकाम्या जागेवर बोटं थांबवून बसला. "मंग तुमचं काय लिहू, मावशी?"

तिने पदर सारखा केला. इंद्रभानकडे पाहिलं, जणू त्याची परवानगी लागणार होती.

"सोजरा," ती इतक्या हळू म्हणाली की मोतीरामला पुन्हा विचारावं लागलं. "सोजरा लिहा."

इंद्रभानने हे नाव जन्मात ऐकलं नव्हतं. ज्या बाईने त्याला न्हाऊमाखू घातलं, तिचं नाव तो तिच्या तोंडून अठ्ठाविसाव्या वर्षी, एका कारकुनाच्या टेबलापाशी ऐकत होता.

मोतीरामने सोजरा लिहिलं. मग मंजुळेची नोंद पहिल्यापासून पुन्हा भरली आणि बटण दाबलं. यंत्र किरकिरलं नाही.

"बसली?"

"बसली," मोतीराम म्हणाला.

"वाचून दाखव," ती इंद्रभानला म्हणाली. "सारं."

तो पुढे वाकला. "मंजुळा उकंडराव बोडखे. वरवट बकाल. वय एकोणीस. माहेर सोनाळा. माता मृत." इथे तो अडला. शेवटचा रकाना पोराचा होता आणि तो काही केल्या त्याच्या तोंडून फुटेना.

"मुलगा," मोतीरामनेच पुढचं वाचलं. "जिवंत."