अकरा वर्षांची म्हातारी युद्धनौका

मी एक जुनी युद्धनौका आहे, मित्रांनो. जुनी म्हणजे अवघी अकरा वर्षांची. हसताय काय? माझ्या वयाच्या साध्या मालवाहू बोटी अजून धडधाकट आहेत, आणि मला उद्या भंगारात ओढून नेणार आहेत.

जन्मले तेव्हा काय माझा थाट! किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात माझ्याइतकं वेगानं कुणी पळत नसे. शिवाय माझं पोट मुद्दाम रिकामं ठेवलेलं. सुरुंग शोधायचे असले की त्या यंत्रांची भलीमोठी पेटी पोटात बसवायची, पाणबुडी हुडकायची असली की ती काढून दुसरी. पेटीबरोबर माणसंही बदलत. दर चार महिन्यांनी नवी तुकडी! नव्याचे नऊ दिवस मीही खूप मिरवलं.

पण सगळ्यांची ती कुणाचीच नाही. माझ्या दोन इंजिनांची ताकद एकत्र करणारी दातेरी चाकं होती. त्यांचं तेल वेळेवर बदलावं लागे. "पुढची तुकडी करेल की," म्हणत दोन तुकड्या गेल्या. तिसऱ्या तुकडीतल्या इंजिनघराच्या काकांना माझी घरघर ऐकू यायची. "कुरकुरतेस काय गं?" म्हणून ते मला थोपटायचे. पण त्यांनाही घरी जायची घाई. जाताना त्यांनी माझ्या देखभालीच्या कागदावर 'तेल बदलले' अशी खूण केली आणि उतरले.

महिन्याभरात एका वादळी दुपारी मासेमारांची बोट खडकांकडे वाहत निघाली. बोटीवर सातजण. मी झेपावले, आणि अर्ध्या वाटेत ती चाकं कडाडून मोडली. एका इंजिनावर रखडत पोहोचले. सहाजण हाती लागले. सातव्याचा धाकटा भाऊ माझ्या डेकवर बसून "दादा, दादा" म्हणून हाका मारत होता. देवा रे, ते ऐकवत नव्हतं.

चौकशीत सगळे म्हणाले, नौकेची घडणच वाईट. तसं ठरलं असतं तर त्याच घडणीच्या माझ्या पाच धाकट्या बहिणीही मोडीत निघाल्या असत्या. तेव्हा काका उभे राहिले. "साहेब, तिला नावं ठेवू नका. तेल मी बदललं नाही. खोटी खूण माझी आहे." त्यांची नोकरी गेली. माझी चाकं दुरुस्त होण्यापलीकडची होती, पण बहिणी वाचल्या. आता त्यांना प्रत्येकीला कायमची माणसं मिळाली आहेत.

आज काका साध्या सदऱ्यात मला भेटायला आले. कठड्याला धरून ढसाढसा रडले. "दहा मिनिटं आधी पोहोचली असतीस गं," एवढंच म्हणाले.

मित्रांनो, काम राहिलं तर राहिलं म्हणून सांगा. बोलणी खावी लागतील, खा. माझ्या कागदावर कुणी तेवढं खरं लिहिलं असतं, तर पुढच्या तुकडीनं तेल बदललं असतं, आणि त्या भावाच्या हाकेला कुणीतरी ओ दिली असती.